‘हा ठिपका ठेवायचा ना, बाई?’ : नारायण पेठेतल्या फ्रेमवाल्या काकांकडचा अनुभव

पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं चित्रकला शिकवते. आमच्या चित्रकलेच्या वर्गाबाहेर एक लांबलचक पॅसेज आहे. तिथल्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे निघाले होते. यंदा माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने वीस हजार रुपये जमवून दिले आणि म्हणाले, ‘बाई, भिंत आम्ही रंगवून घेतो, तिच्यावर काय लावायचं ते तुम्ही ठरवा.’

मी अवकाशाची चित्रं लावायचं ठरवलं. त्याला कारण आहे. दर वर्षी विज्ञान दिनाच्या चित्रकला स्पर्धेत ‘अंतराळ’ हा विषय असतो आणि दर वर्षी तेच चित्र येतं: तीन पंखांचं रॉकेट, झेंडा धरलेला अंतराळवीर, कोपऱ्यात कडीवाला शनी. मुलांचा दोष नाही. त्यांच्यापर्यंत जे पोहोचतं ते कार्टून, मोबाइलचं वॉलपेपर आणि वहीचं कव्हर यांतून आधीच गुळगुळीत होऊन आलेलं असतं. मला त्यांना अशी चित्रं दाखवायची होती, ज्यांत कुणाचा तरी हात दिसतो, कुणी तरी काही तरी ठरवलेलं दिसतं. रंग कोणता द्यायचा, वरची बाजू कोणती, किती अंधार ठेवायचा. शास्त्रज्ञांनाही हे सगळं ठरवावं लागतं, आणि ते चित्रकलेचंच काम आहे.

पहिला अनुभव वाईट आला. तो आधी सांगते, म्हणजे या दुकानाला मी इतकं का मानते ते कळेल. एका मोठ्या रस्त्यावरच्या डिजिटल प्रिंटच्या दुकानात मी पेन ड्राइव्ह देऊन आले. दुकानाचं नाव घेत नाही. दोन प्रिंट चाचणीसाठी काढायला सांगितल्या होत्या. पहिल्या प्रिंटमधला काळा हिरवट करडा आला होता, पाटी धुतल्यावर दिसते तसा. आणि दुसरी प्रिंट हातात घेतली तर मला त्यात काही सापडेचना. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, फोटोवर एक डाग होता. तो काढून टाकला. त्याचे वेगळे पैसे नाही लावले.’

तो डाग म्हणजे पृथ्वी होती.

नासाच्या व्हॉयेजर-1 या यानाने 14 फेब्रुवारी 1990 रोजी सुमारे 6 अब्ज किलोमीटरवरून मागे वळून काढलेला तो फोटो. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी या फोटोसाठी कित्येक वर्षं आग्रह धरला होता. त्यात पृथ्वी एका पिक्सेलएवढीही नाही, पिक्सेलच्या जेमतेम आठव्या भागाइतकी आहे. कॅमेऱ्यात विखुरलेल्या सूर्यप्रकाशाचे तिरपे पट्टे आहेत आणि त्यांतल्या एका पट्ट्यात तो फिकट निळा ठिपका. बाकी काही नाही. त्या मुलाने काम मनापासून केलं होतं, मी त्याला रागावले नाही. पण घरी येताना बसमध्ये ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसले तेव्हा फार वाईट वाटलं. एवढंच वाटत राहिलं की पुसण्याआधी त्याने एकदा विचारायला हवं होतं.

नारायण पेठेतलं हे दुकान आमच्या संगीताच्या बाईंनी सुचवलं. बाहेरून पाहिलं तर देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि पदवीची सर्टिफिकेटं फ्रेम करणारं नेहमीचं दुकान. पट्ट्या कापायची जागा पुढेच आहे, लाकडाचा भुसा पायाखाली येतो. आतल्या खोलीत मात्र मोठा प्रिंटर आहे आणि तो काकांची मुलगी सांभाळते. मी फाइल्स दिल्या, तिने एकेक उघडून मोठी करून पाहिली. व्हॉयेजरच्या फोटोपाशी थांबली, काकांना हाक मारली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं आणि मला विचारलं, ‘हा ठिपका ठेवायचा ना, बाई? धुळीचा तर नाही?’

मी म्हटलं, ‘काका, त्याच्यासाठीच फोटो लावायचाय.’ आणि तो कशाचा आहे ते सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, ‘या फाइलला कुठलाही फिल्टर लावू नकोस.’

मी हा फोटो सगळ्यांत मोठा छापायला निघाले होते. त्यांनी थांबवलं. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्याचं चित्र 800 बाय 800 पिक्सेलचं. काकांच्या मुलीने सांगितलं, ‘मोठं केलं तर ठिपका मोठा होणार नाही, त्याचा चौकोन होईल.’ काका म्हणाले, लहान छापू आणि माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, मोठा ठेवू. आता आमच्या भिंतीवर आठ इंचांचा तो फोटो दोन फुटी फ्रेममध्ये रुंद काळ्या माउंटच्या मधोमध बसलाय. तो पाहायला जवळ जावंच लागतं. लांबून काहीच दिसत नाही, मग मूल चार पावलं पुढे येतं, मान पुढे काढतं आणि थांबतं. इतकी वर्षं मी मुलांना चित्रातली ‘मोकळी जागा’ शिकवते. हा निर्णय मला सुचला नव्हता, तो पूर्णपणे काकांचा.

काळ्या रंगाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण अवकाशाची चित्रं छापून घेणाऱ्याने नीट पाहायची गोष्ट तीच आहे. काकांनी एकाच फोटोच्या तीन पट्ट्या काढून दाखवल्या: ग्लॉसी, मॅट, आणि मधला हलकी चमक असलेला कागद. तिन्ही घेऊन आम्ही दुकानाच्या दारात उजेडात उभे राहिलो. ग्लॉसीवर काळा सगळ्यांत गडद, पण त्यात समोरची रिक्षा दिसत होती. आमच्या पॅसेजला एका बाजूने खिडक्या आहेत, तिथे मुलांना चंद्राऐवजी स्वतःचेच चेहरे दिसले असते. मॅटवर काळा जरा बसका, मखमली. फोटोंसाठी आम्ही मधला कागद घेतला आणि हाताने काढलेल्या चित्रासाठी मॅट. एकाच ऑर्डरमध्ये दोन कागद वापरायला सहसा कुणी तयार होत नाही, ‘सगळं एकावरच काढा ना’ म्हणतात. इथे तसं झालं नाही.

ते हाताने काढलेलं चित्र म्हणजे या सगळ्यांत माझं सर्वांत लाडकं. जुलै 1965 मध्ये मरिनर-4 हे यान मंगळाजवळून गेलं. मंगळाचे जवळून घेतलेले पहिले फोटो त्याचे. एकेक फोटो पृथ्वीवर पोहोचायला आठ तासांहून जास्त वेळ लागत होता, आणि येत होते ते नुसते आकडे: प्रत्येक ठिपक्याचा उजेड किती, हे 0 ते 63 मधल्या एका आकड्याने सांगितलेलं. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या, म्हणजे जेपीएलमधल्या इंजिनिअरांना धीर धरवेना. त्यांनी त्या आकड्यांच्या छापील पट्ट्या एकाशेजारी एक स्टेपल करून बोर्डावर लावल्या, चित्रकलेच्या दुकानातून पेस्टल खडू आणले, आकड्यांना रंग ठरवून दिले आणि हाताने रंगवत बसले. कॉम्प्युटरने तयार केलेला फोटो पुढे यायचा होता, त्याआधी मंगळ दिसला तो या खडूंच्या चित्रात. पिवळा, विटकरी, तपकिरी.

मॅट कागदावर हे चित्र असं आलंय की खडूची भुकटी बोटाला लागेल असं वाटतं. रंगाखालचे आकडे वाचता येतात. खडू घाईने फिरवल्याच्या रेघा दिसतात, काही ठिकाणी रंग रेषेबाहेर गेलाय. रंग बाहेर गेला म्हणून रडणारी पाचवीतली मुलं मी या चित्रापुढे आणून उभी करते. आठवीच्या वर्गाला मी वीस बाय वीस चौकोनांचा आकड्यांचा तक्ता दिला, पाच खडू दिले आणि काय आहे ते सांगितलं नाही. अर्ध्या तासाने मागच्या बाकावरून एकजण ओरडला, ‘बाई, खड्डा आहे हा!’ मंगळावरचं विवर होतं ते. फ्रेमच्या दुकानाच्या रिव्ह्यूमध्ये हे सांगायचं कारण एवढंच, की प्रिंट पुसट असती, खालचे आकडे दिसले नसते, तर हा तास झालाच नसता.

1965च्याच मार्चमध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई ल्योनोव्ह यानाबाहेर जाऊन अवकाशात तरंगणारा पहिला माणूस ठरला, आणि यानात परत आल्यावर त्याने रंगीत पेन्सिलींनी सूर्योदय काढला. पेन्सिली तरंगत जाऊ नयेत म्हणून दोऱ्याने बांधलेल्या होत्या. ते चित्र मंगळाशेजारी लावायची माझी फार इच्छा होती. छापण्याजोगी मोठी फाइल मिळाली नाही. लहान फाइल घेऊन गेले, तर काकांच्या मुलीने स्पष्ट सांगितलं, ‘पैसे घेऊन फाटकं काम देणार नाही.’ मला हे आवडलं.

आता ‘अर्थराइज’. डिसेंबर 1968, माणसांना घेऊन चंद्राकडे गेलेलं अपोलो-8. चंद्राभोवती फिरताना खिडकीतून पृथ्वी वर येताना दिसली, बिल अँडर्स यांनी घाईघाईने रंगीत फिल्म मागून घेतली आणि 24 डिसेंबरला तो फोटो काढला. आपण तो नेहमी आडवा पाहतो: खाली चंद्राची जमीन, वर पृथ्वी, जणू कुणी डोंगरावर उभं राहून चंद्रोदय पाहावा. मूळ फोटोत मात्र चंद्राची कड उभी आहे, उजव्या बाजूला भिंतीसारखी, आणि पृथ्वी तिच्याबाहेर डावीकडे. मी दोन्ही प्रकार काकांना सांगितले आणि विचारलं, तुम्हाला कोणता बरा वाटतो? ते म्हणाले, ‘मला काय विचारता? तिकडे वर-खाली आहे कुठे?’ आणि त्यांनी फ्रेमला दोन बाजूंना हुक लावून दिले. एक वरच्या पट्टीला, एक आडव्या बाजूला. आम्ही दर महिन्याला ती फ्रेम फिरवतो. आडवी असते तेव्हा मुलं म्हणतात पृथ्वी उगवतेय. उभी केली की म्हणतात कोपऱ्यामागून डोकावतेय. चित्र तेच. माउंट कापतानाही काकांनी चारही बाजू सारख्या ठेवल्यात. एरवी खालची बाजू जरा रुंद ठेवतात, पण इथे फ्रेम फिरल्यावर ते विचित्र दिसलं असतं. हा विचार त्यांनी आपणहून केला.

हबल दुर्बिणीचे 1995 सालचे ते धुळीचे खांब, गरुड तेजोमेघातले, तुम्ही पाहिलेच असतील. टी-शर्टपासून गाण्यांच्या कव्हरपर्यंत सगळीकडे असतात. त्यातले रंग माणसांनी नेमून दिलेले आहेत: गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. मूळ चित्राचा एक कोपरा जिन्याच्या पायऱ्यांसारखा कापलेला आहे, कारण कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक जास्त जवळून टिपणारा होता आणि त्याचं चित्र बाकीच्यांच्या मापात बसवायला लहान करावं लागलं. इथेही प्रश्न आला, ‘कोपरा भरून देऊ की तसाच ठेवू?’ तसाच ठेवला. प्रिंट चांगली आहे, निळसर हिरवा थोडा मंद वाटतो, पण स्क्रीनवरचं तेज कागदावर येत नाही हे मला मान्य आहे.

जेपीएलच्या कलावंतांनी 2016 मध्ये प्रवासाच्या जाहिरातींसारखी पोस्टर्स काढली, एकूण चौदा, कुणीही फुकट उतरवून घ्यावीत अशी. अमेरिकेत 1930च्या दशकात राष्ट्रीय उद्यानांची पोस्टर्स निघत, त्या धाटणीची: सपाट रंग, मोठे आकार, ठसठशीत अक्षरं. त्यातलं व्हॉयेजरच्या ‘ग्रँड टूर’चं पोस्टर मी मोठ्या मापात घेतलं. फाइलच मोठी असल्याने प्रिंट लख्ख आली आहे, सपाट रंगांत कुठेही पट्टे पडलेले नाहीत. इंटरमिजिएटच्या मुलांना संकल्पचित्र शिकवताना आता वेगळा तक्ता काढावा लागत नाही, मी त्यांना पॅसेजमध्ये घेऊन जाते.

व्हॉयेजरवरची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी तर यायलाच हवी होती. 1977 साली गेलेल्या त्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि 55 भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. मी मुलांना तो मराठी नमस्कार ऐकवला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. ‘ह्या जन्मी धन्य व्हा’ असं परग्रहावरच्या कुणाला तरी म्हणणारा तो आवाज आणि आपल्या आजीचा आवाज यांत मुलांना फरक वाटेना. मी तबकडीच्या आवरणावरची कोरीव आकृती छापून घेतली: तबकडी कशी वाजवायची ते सांगणाऱ्या रेघा आणि पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांवरून सूर्याचा पत्ता दाखवणारा तो किरणांसारखा नकाशा. पण या फ्रेमबद्दल माझी तक्रार आहे. काकांनी आग्रह धरला, ‘सोन्याची तबकडी आहे, सोनेरी पट्टीच शोभेल.’ मी हो म्हटलं ते चुकलं. नक्षीची चकचकीत सोनेरी पट्टी इतकी डोळ्यांवर येते की आतल्या बारीक रेघा मागे पडतात. साधी काळी पट्टी हवी होती. सुट्टीत बदलून घेणार आहे, ती ते निम्म्या दरात करून देणार आहेत.

सातवं चित्र आपलं. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि 30 ऑगस्टला प्रज्ञान रोव्हरने त्याचा फोटो काढला. त्यावरून इस्रोने त्रिमिती चित्रही तयार केलं, डाव्या बाजूची प्रतिमा लाल रंगात, उजवीकडची निळ्या-हिरव्यात. मी ते निवडलं. असं चित्र छापताना लाल थोडा जरी सरकला तरी चष्म्यातून दोन-दोन विक्रम दिसतात. काकांच्या मुलीने घरातून लाल-निळा चष्मा आणला, प्रूफ काढून स्वतः पाहिलं, दोनदा रंग सुधारले आणि मगच मोठी प्रिंट काढली. आम्ही वर्गात पुठ्ठा आणि जिलेटीन कागदाचे चाळीस चष्मे केले. लँडरचे पाय भिंतीतून बाहेर येतात, मुलं हात पुढे करतात.

त्या वर्षी चांद्रयान उतरल्यावर चार आठवड्यांच्या आत गणपती बसले होते आणि ठिकठिकाणी विक्रमचे देखावे होते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा लँडर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने केला होता, पायांना पीव्हीसी पाइप आणि अंगाला सोनेरी गिफ्ट पेपर. पाय किती तिरपे ठेवायचे हे विचारायला तो रात्री दहाला माझ्या घरी आला होता. या फ्रेमपुढे तो परवा चष्मा लावून बराच वेळ उभा होता. म्हणाला, ‘बाई, मी पाय जरा जास्तच फाकवले होते.’

सात चित्रांबरोबर मी आणखी एक वस्तू नेली होती. वडिलांच्या पाकिटातली जुनी दोन रुपयांची नोट, मागे आर्यभट्ट उपग्रह असलेली. 1975 साली गेलेला आपला पहिला उपग्रह रोज भाजी घेताना लोकांच्या हातातून फिरत होता, हे मुलांना दाखवायचं होतं. काकांनी नोटेला गोंदाचा थेंबही लावला नाही. पारदर्शक कागदाचे चार त्रिकोणी कोपरे करून त्यांत नोट अडकवली आणि दोन्हीकडून अ‍ॅक्रिलिक लावलं, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. याचे पैसे घेतले नाहीत.

आता व्यवहाराचं. सहा ए-2 प्रिंट प्रत्येकी 900, एक ए-1 1,700 रुपये. लहान छापलेल्या व्हॉयेजरलाही दर ए-2चाच लावला, कारण चाचण्या त्याच्याच जास्त काढाव्या लागल्या. फ्रेम माउंट आणि अ‍ॅक्रिलिकसह प्रत्येकी 1,250, मोठीची 2,100. टेम्पोचे 500. एकूण 17,200 रुपये, पक्कं बिल मिळालं. शाळेसाठी काच नको, अ‍ॅक्रिलिकच घ्या, हा सल्ला त्यांचाच, आणि पॅसेजमध्ये बॉल खेळणारी मुलं पाहता तो योग्य होता. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि तेरा दिवस लावले. मधे फोन केला तर उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. दुकानापुढे गाडी लावायला अजिबात जागा नाही. खांबांच्या फ्रेमचा एक हुक सैल निघाला, तो मी शाळेतच घट्ट केला. घाईचं काम असेल, वाढदिवसाला उद्याच फोटो हवा असेल, तर इथे जाऊ नका. चित्र नाजूक असेल, मापाबद्दल किंवा कागदाबद्दल मनात शंका असेल, तर जरूर जा, आणि दुपारी जा. सकाळी फार गर्दी असते आणि काकांना बोलायला वेळ नसतो.

फ्रेमा लावून आता दोन महिने होतील. परवा काकांना पुन्हा भेटायला गेले, कारण व्हॉयेजरच्या फ्रेमवर रोज बोटांचे ठसे उमटतात, सगळे बरोबर ठिपक्यावर. अ‍ॅक्रिलिक कशाने पुसायचं ते विचारलं. काका म्हणाले, काच पुसायचं लिक्विड लावू नका, धुरकट होईल. साधं पाणी घ्या, जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्या आणि हलक्या हाताने पुसा. तुकडाही त्यांनीच दिला.